रोमन रथशर्यतींतील बालसारथी : स्मृतिलेख, शापलेख आणि दोषाचा प्रश्न

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार एका गृहीतावर उभा असतो. काही अनिष्ट घडले आहे, ते कोणीतरी घडवून आणले आहे आणि चिकाटीने चौकशी केल्यास त्या व्यक्तीचे नाव उघड होईल, असे हे गृहीत आहे. मुलांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेत चौकशी करणारी मुलेच असतात, एवढाच काय तो फरक. कॅरोलाइन लॉरेन्स यांची ‘द रोमन मिस्टरीज’ ही इंग्रजी कादंबरीमाला २००१ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील ‘द चॅरिअटीयर ऑफ डेल्फाय’ ही २००६ मधील कादंबरी इ. स. ८० मधील रोम शहरात घडते. शर्यतीचा एक नामांकित घोडा नाहीसा होतो आणि मुले त्याच्या शोधास लागतात. सारथी, तबेले, पैजा आणि प्रतिस्पर्धी संघ यांनी भरलेले हे जग बालवाचकास मोहून टाकणारे आहे, यात नवल नाही.

तथापि अशा कथेमुळे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. रोमन रथशर्यतींच्या जगात मुले खरोखर होती काय? असल्यास त्यांचे काय झाले? आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या अपघातांचा व अकाली मृत्यूंचा दोष तत्कालीन समाजाने कोणावर ठेवला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोरीव लेखांतून बऱ्याच अंशी मिळतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोधप्रद आहे. रोमन लोकांनीही रहस्यकथाकाराप्रमाणे दोषी व्यक्तीचा शोध घेतला आणि तो नियती, जादूगार व प्रतिस्पर्धी यांच्यात घेतला. ज्या व्यवस्थेने अल्पवयीन मुलास रथावर उभे केले, तिच्याकडे त्यांची दृष्टी क्वचितच वळली. प्रस्तुत विवेचनाचा रोख या विसंगतीकडे आहे.

१. क्रीडांगण आणि शर्यतीची रीत

पॅलाटाइन व अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधील खोलगट भागात सर्कस मॅक्सिमस हे क्रीडांगण वसलेले होते. त्याची लांबी ६०० मीटरांहून थोडी अधिक होती. हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने त्याची प्रेक्षकक्षमता १,५०,००० सांगितली आहे, तर थोरल्या प्लिनीने २,५०,०००. यांतील कोणताही आकडा ग्राह्य मानला, तरी नगराच्या लोकसंख्येचा मोठा भाग एकाच वेळी तेथे जमत असे हे स्पष्ट होते.

एका टोकाला बारा प्रस्थानद्वारे असत. मैदानाच्या मध्यातून एक लांब ओटा गेलेला असून त्याच्या दोन्ही टोकांस वळणाचे खांब उभे होते. रथांनी या ओट्याभोवती डावीकडे वळत सात फेरे घालावयाचे असत. फेरे मोजण्यासाठी अंड्यांच्या व डॉल्फिन माशांच्या आकृत्या बसविलेल्या होत्या. दोन घोड्यांचा, कधी तीन घोड्यांचा आणि बहुधा चार घोड्यांचा रथ वापरला जाई. चार घोड्यांपैकी मधले दोन जुवाला जोडलेले असत, तर कडेचे दोन केवळ दोरांनी बांधलेले असत. साहजिकच वळणाच्या वेळी सर्व भिस्त डाव्या कडेच्या घोड्यावर राही. खांबाच्या जितके जवळून वळावे तितके अंतर वाचे, परंतु चाक खांबाला घासण्याचा धोकाही तितकाच वाढे.

ग्रीक सारथी लगाम हातात धरीत. रोमन सारथी ते कमरेभोवती गुंडाळून घेत आणि शरीराच्या झुकावाने घोड्यांना वळवीत. रथ उलटल्यास घोड्यांबरोबर फरफटत जाण्याची पाळी येई, म्हणून लगाम कापण्यासाठी प्रत्येक सारथी जवळ सुरी बाळगी. डोक्यावर शिरस्त्राण आणि छातीभोवती चामडी पट्टे एवढेच त्याचे संरक्षण होते. रथ मोडून पडण्याच्या प्रसंगास रोमन लोक ‘नौकाभंग’ या अर्थाचा शब्द योजीत. अशा प्रसंगासाठी भाषेत रूढ शब्द असावा, यावरून तो किती नित्याचा होता याची कल्पना येते.

शर्यतींचे आयोजन चार संघांच्या द्वारे होत असे: रक्त, श्वेत, नील आणि हरित. डोमिशियनने यांत सुवर्ण व जांभळा असे आणखी दोन संघ घातले, पण ते टिकले नाहीत. घोडे, तबेले, शिक्षक, वैद्य, रथकार आणि सारथी हे सर्व संघाच्या पदरी असत. संघाच्या डोक्यावर त्याचे धनी असत. सारथ्याच्या अंगावर रंग संघाचा असे, आणि प्रेक्षक ओळखीत तो रंग. धाकट्या प्लिनीने आपल्या एका पत्रात याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. लोकांचे प्रेम घोड्यांच्या वेगावर किंवा सारथ्यांच्या कौशल्यावर नसून कापडाच्या रंगावर आहे. शर्यत चालू असतानाच रंगांची अदलाबदल झाली तर लोकांची निष्ठाही तत्क्षणी बदलेल, असा त्याचा अभिप्राय आहे. प्लिनीच्या या उपहासात अभिजनाचा तुच्छताभाव आहे, हे खरे. तथापि सारथी हा बदलता येण्याजोगा घटक होता, ही वस्तुस्थितीही त्यातून ध्वनित होते.

२. कोरीव लेखांतील मुले

बालसारथ्यांविषयी सर्वांत हृदयद्रावक साक्ष फ्लोरस नावाच्या मुलाच्या समाधिलेखात आढळते. लेख अवघ्या काही शब्दांचा आहे. फ्लोरस हा दोन घोड्यांचा रथ हाकणारा असून लेखात त्यास बालक म्हटले आहे. रथाची त्याला घाई झाली आणि तितक्याच घाईने तो मृतांच्या छायालोकात गेला, असा लेखाचा आशय आहे. हा लेख यानुआरियस नावाच्या मनुष्याने आपण सांभाळलेल्या मुलासाठी कोरविला. मुलाचा उल्लेख करताना त्याने योजलेले विशेषण अत्यंत मायेचे आहे.

सेक्स्टस व्हिस्टिलियस हेलेनस हा दुसरा मुलगा तेराव्या वर्षी मरण पावला. त्या कोवळ्या वयात त्याचा हरित संघाकडून नील संघाकडे जाण्याचा प्रवासही झालेला होता. तेरा वर्षांच्या मुलाला एका संघातून दुसऱ्या संघात नेले जाते, याचा अर्थ त्याच्या कौशल्याला बाजारात किंमत येऊ लागली होती.

अधिक तपशीलवार माहिती क्रेसेन्स याच्या लेखातून मिळते. हा नील संघाचा सारथी मूर वंशाचा, म्हणजे वायव्य आफ्रिकेतील होता. चार घोड्यांच्या रथावर त्याने पहिला विजय इ. स. ११५ मध्ये, दिवंगत सम्राट नर्व्हाच्या जन्मदिनी, त्या दिवसाच्या चोविसाव्या शर्यतीत मिळविला. लेखातील हिशेब इ. स. १२४ मध्ये थांबतो आणि त्याचे वय २२ वर्षे दिले आहे. म्हणजे पहिल्या विजयाच्या वेळी तो तेरा वर्षांच्या आसपास होता. सुमारे नऊ वर्षांत तो ६८६ वेळा प्रस्थानद्वारातून बाहेर पडला. त्यांपैकी ४७ वेळा तो जिंकला, १३० वेळा दुसरा आला आणि १११ वेळा तिसरा. उरलेल्या ३९८ शर्यतींत त्याच्या पदरी पहिल्या तिन्हींपैकी कोणतेही स्थान पडले नाही.

हे आकडे बारकाईने पाहण्याजोगे आहेत. वर्षाला सरासरी पाऊणशेहून अधिक शर्यती आणि शंभरांत सुमारे सात विजय, असे त्यांचे प्रमाण पडते. त्या ४७ विजयांचे वर्गीकरणही लेखात दिले आहे. आरंभापासून आघाडी घेऊन मिळविलेले विजय आठ आहेत, तर मागून येऊन हिसकावून घेतलेले अडतीस. या दुसऱ्या प्रकारात सारथी दाटीतून वाट काढतो आणि शेवटच्या टप्प्यात पुढे जातो. प्रेक्षकांस सर्वाधिक थरार याच रीतीत वाटत असणार, आणि रथाला रथ भिडण्याचा संभवही याच रीतीत अधिक. क्रेसेन्सची ख्याती त्याच्या धोक्यावरच पोसलेली होती, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

लेखात त्याच्या मिळकतीचा आकडा १५,५८,३४६ सेस्टर्स असा दिला आहे. त्या काळी साध्या पायदळ सैनिकाचे वार्षिक वेतन १,२०० सेस्टर्स होते. म्हणजे ही रक्कम सुमारे तेराशे सैनिकांच्या वर्षभराच्या वेतनाइतकी होते. मात्र लेख सांगतो तो क्रेसेन्सने किती मिळवून आणले याचा हिशेब. ते धन कोणाच्या हाती राहिले, याविषयी तो मौन पाळतो.

पोलिनिसेस व टाटियानस या दोन भावांचा लेखही याच संदर्भात महत्त्वाचा आहे. दोघांनाही त्यात धन्याच्या घरी जन्मलेले दास म्हटले आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत ज्यास ‘गृहज’ म्हणतात तीच ही स्थिती होय. मार्कस ऑरेलियस पोलिनिसेस २९ वर्षे, ९ महिने व ५ दिवस जगला. त्याने ७३९ विजय मिळविले: रक्त संघासाठी ६५५, हरितसाठी ५५, नीलसाठी १२ आणि श्वेतसाठी १७. मार्कस ऑरेलियस मोलिसियस टाटियानस २० वर्षे, ८ महिने व ७ दिवस जगला. त्याचे विजय १२५ असून तेही चारही रंगांत विभागलेले आहेत. विसाव्या वर्षापर्यंत चारही संघांसाठी सव्वाशे विजय संपादन करावयाचे, तर आरंभ बालवयातच झालेला असला पाहिजे.

३. पुराव्याची मर्यादा

या लेखांवरून सारथ्यांच्या आयुर्मानाची सरासरी काढण्याचा मोह टाळला पाहिजे. समाधिलेखात वय कोरण्याची प्रथा अकाली मृत्यूच्या बाबतीत अधिक दिसते. वृद्धापकाळी मरण पावलेल्याचे वय नोंदविण्याची निकड कोणास भासत नसे. म्हणजे उपलब्ध लेखांचा संच मुळातच तरुण मृतांच्या बाजूने झुकलेला आहे.

याच्या उलट बाजूस गायस अप्पुलेयस डायोक्लिस याचा लेख आहे. लुसिटानियातून आलेला हा सारथी इ. स. १२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, श्वेत संघाकडून प्रथम शर्यतीत उतरला. पहिल्या विजयासाठी त्याला १२४ पर्यंत थांबावे लागले. पुढे हरित व रक्त संघांतून त्याने कीर्ती मिळविली. चोवीस वर्षांत ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय आणि ३,५८,६३,१२० सेस्टर्स असा त्याचा हिशेब आहे. ४२ वर्षे, ७ महिने व २३ दिवस या वयाची नोंद करून हा लेख संपूर्ण कारकिर्दीचा गौरव करतो.

डायोक्लिसचे उदाहरण सारथ्याचा व्यवसाय म्हणजे निश्चित मृत्यू, ही समजूत खोडून काढते. परंतु ते अपवादात्मक आहे, हे त्या लेखाच्या सुरावरूनच कळते. आपला नायक पूर्वीच्या सर्व सारथ्यांहून कसा वेगळा होता, हे सिद्ध करण्यासाठीच तो लेख रचलेला आहे. शिवाय डायोक्लिसचा आरंभ अठराव्या वर्षी झाला आणि क्रेसेन्सचा तेराव्या. एवढ्या दोन उदाहरणांवरून नियम बांधता येणार नाही; पण पौगंडावस्थेतील शरीर आणि चार घोड्यांचा ताण यांचा विचार करता हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. रथ हलका ठेवण्यावर रोमनांचा कटाक्ष होता. अशा रथावर कमी वजनाचा सारथी असणे वेगाच्या दृष्टीने लाभदायक होते. मुलाचे लहानपण हेच येथे त्याचे भांडवल ठरत होते, असा तर्क करण्यास जागा आहे.

४. दोषी कोण? समकालीनांची उत्तरे

या मृत्यूंचा अर्थ समकालीनांनी कसा लावला? पहिले उत्तर नियतीचे. स्कॉर्पस हा पहिल्या शतकाच्या अखेरचा सर्वांत लोकप्रिय सारथी. त्याचे २,०४८ विजय डायोक्लिसच्या लेखात नमूद आहेत. सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर असताना तो मरण पावला. त्याच्यावर मार्शल या कवीने लिहिलेल्या मृत्युलेखात अशी कल्पना केली आहे की, नियतीदेवतेने त्याचे विजय मोजले आणि हा म्हातारा असला पाहिजे असे समजून त्याला उचलले. कल्पना चमत्कृतिपूर्ण आहे, परंतु तिचा परिणाम असा की मृत्यूचे कारण विजयांच्या संख्येत दडते. विजय कोणासाठी मिळविले, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. स्कॉर्पसचे वय मागे मोजत गेल्यास, लॉरेन्स यांची कादंबरी ज्या वर्षी घडते त्या इ. स. ८० मध्ये तो दहाबारा वर्षांचा मुलगा ठरतो, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरे उत्तर जादूटोण्याचे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज व हाद्रुमेटम येथे शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले अनेक शापलेख सापडले आहेत. ऑगस्त ओदोलां या फ्रेंच विद्वानाने १९०४ मध्ये अशा लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. हाद्रुमेटमच्या एका लेखात हरित व श्वेत संघांच्या घोड्यांना छळून मारावे आणि क्लारस, फेलिक्स, प्रिम्युलस व रोमानस या सारथ्यांना आपटून ठार करावे, अशी पिशाचास आज्ञा केली आहे. इतर लेखांत सारथ्यांचे हात बांधावेत, दृष्टी हरावी, त्यांना रथातून खाली ओढावे, वळण घेता येऊ नये, असे तपशील येतात. शर्यतीतील धोक्याची नेमकी स्थळे शाप देणाऱ्यास ठाऊक होती. ज्या जागी अपघात स्वाभाविकपणे होत, त्याच जागी तो दैवी शक्तीकडून मागितला जात होता. मग अपघात घडला, की शापाचे सामर्थ्य सिद्ध झाले असे वाटणे क्रमप्राप्त होते.

या शापलेखांची आणखी एक बाजू विचारात घेतली पाहिजे. ते पत्रे बहुधा थडग्यांत टाकले जात, आणि त्यासाठी अकाली किंवा हिंसेने मेलेल्यांची थडगी पसंत केली जात. आयुष्य पुरे न झालेला मृतात्मा अस्वस्थ असतो व म्हणून कामास लावता येतो, अशी समजूत होती. म्हणजे एका अकाली मृताच्या आत्म्याकडून दुसऱ्या तरुणाचा अकाली मृत्यू घडवून आणण्याचा हा उद्योग होता.

तिसरे उत्तर कायद्याचे. चौथ्या शतकात राज्यसत्तेने सारथी व जादू यांच्या संबंधाकडे कठोरपणे पाहिले. अम्मियानस मार्सेलिनस या इतिहासकाराने अप्रोनियानस हा रोमचा नगरपाल असतानाची (इ. स. ३६२ ते ३६४) एक हकीकत दिली आहे. हिलारिनस नावाच्या सारथ्याने आपला नुकताच वयात येऊ लागलेला मुलगा, निषिद्ध विद्या शिकून आपणास घरच्या घरी साहाय्य करील या हेतूने, एका मांत्रिकाच्या स्वाधीन केला होता. गुन्हा कबूल होऊन त्यास मृत्युदंड झाला. पहाऱ्यातून निसटून त्याने ख्रिस्ती प्रार्थनास्थळाचा आश्रय घेतला, तेथून त्याला ओढून काढून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. पुढे इ. स. ३८९ च्या एका राजाज्ञेने मांत्रिकाचा परस्पर वध करणाऱ्या सारथ्यास मृत्युदंड सांगितला. असा वध आपल्या साथीदारांची नावे फुटू नयेत म्हणून केला गेला असावा, असा संशय त्यामागे होता.

येथे रहस्यकथेची सर्व सामग्री हजर आहे: गुप्त विद्या, साथीदार, कबुलीजबाब आणि शिक्षा. हिलारिनसने मुलाला मांत्रिकाकडे दिले हा राज्याच्या दृष्टीने देहान्त शिक्षेस पात्र असा अपराध ठरला. तेराव्या वर्षी मुलाला चार घोड्यांच्या रथावर चढविणे मात्र सणाच्या दिवशीचा मान्य कार्यक्रम होता.

५. लाभ कोणाचा?

डेल्फाय येथे १८९६ मध्ये सापडलेली सारथ्याची ब्राँझमूर्ती विश्वविख्यात आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही मूर्ती गेला नगरीचा सत्ताधीश पोलिझालस याने अर्पण केली. त्याचे नाव मूर्तीच्या बैठकीवर कोरलेले आहे. लगाम धरून स्थिर उभ्या असलेल्या त्या तरुणाचे नाव मात्र उरलेले नाही. ग्रीक प्रथेनुसार विजेता हा रथाचा धनी असे, सारथी नव्हे.

रोममध्ये ही स्थिती उलटी झालेली दिसते. तेथे सारथ्याचे नाव सर्वतोमुखी झाले. क्रेसेन्सच्या लेखात त्याचे नाव आहे, कॉन्सलांची नावे आहेत, पहिल्या विजयातील सिर्सियस, अ‍ॅक्सेप्टर, डेलिकाटस व कोटिनस या चारही घोड्यांची नावे आहेत. धन्याचे नाव तेवढे नाही. ग्रीसमध्ये सारथी अनामिक आणि धनी प्रकाशात. रोममध्ये सारथी प्रकाशात आणि धनी संघाच्या रंगामागे.

हे धनी किती प्रबळ होते याचा दाखला स्वेटोनियस देतो. नीरोच्या काळी बक्षिसांची संख्या इतकी वाढली की, पूर्ण दिवसाच्या शर्यती असल्याखेरीज संघांचे धनी आपले ताफे आणण्यास तयार होईनात. शर्यतींची संख्या वाढणे हे धन्यांच्या हिताचे होते. क्रेसेन्सचा पहिला विजय दिवसाच्या चोविसाव्या शर्यतीत झाला, या नोंदीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

रोमन विधिशास्त्राचाही येथे विचार करणे उचित होईल. सार्वजनिक मल्लयुद्धात प्रतिस्पर्धी मारला गेल्यास नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, कारण तेथे झालेली हानी कीर्तीसाठी होते, असे अल्पियनचे मत ‘डायजेस्ट’मध्ये संगृहीत आहे. दास मात्र या सवलतीबाहेर ठेवला आहे. दासाच्या मृत्यूची भरपाई धन्यास मिळे, कारण कायद्याच्या दृष्टीने नुकसान धन्याच्या मालमत्तेचे होते. हा नियम मल्लांविषयीचा असला, तरी त्यातील विचारसरणी स्पष्ट आहे. स्वतंत्र पुरुषाचा मृत्यू कीर्तीच्या खाती जमा होतो आणि दासाचा मृत्यू धन्याच्या हिशेबात. मेलेल्या मुलाच्या बाजूने विचारण्याचा प्रश्न दोन्ही ठिकाणी शिल्लक राहत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सारथ्यांना हे जीवन हवेसे होते. दासाला मुक्ती, परकीयाला प्रतिष्ठा आणि गरिबाला संपत्ती मिळविण्याचा मार्ग रथावरून जात होता. टाराको येथील एका बावीस वर्षांच्या सारथ्याच्या समाधिलेखात, आपणास ज्वराने मृत्यू आला, क्रीडांगणात मरण्याचे वैभव लाभले नाही, अशी खंत व्यक्त केली आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु समाधिलेखातील शब्द मृताच्या मुखी घातलेले असतात. ते रचणारे जिवंत असतात. फ्लोरसच्या लेखातही मृत्यूचे कारण त्याची स्वतःची घाई म्हणून सांगितले आहे. यानुआरियसच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही बालकाला रथ कोणी दिला, याचे उत्तर त्या लेखात नाही, आणि दोष मुलाच्या इच्छेवर जाऊन थांबतो.

६. प्रेक्षक मुले आणि समारोप

रोमन मुले शर्यतींचे प्रेक्षकही होती. स्वेटोनियसने सांगितलेल्या एका प्रसंगानुसार, बालपणी नीरो सहाध्यायांजवळ हरित संघाच्या एका सारथ्याविषयी हळहळत होता. त्या सारथ्यास घोड्यांनी फरफटत नेले होते. शिक्षक रागावताच, आपण हेक्टरविषयी बोलत होतो, अशी थाप त्याने मारली. सिसिलीतील पियात्सा आर्मेरिनाजवळच्या चौथ्या शतकातील प्रासादात एका फरशीवर मुलांची शर्यत चित्रित केली आहे. छोट्या गाड्या, घोड्यांच्या जागी पक्ष्यांच्या जोड्या आणि चारही संघांचे रंग, असे ते विनोदी चित्र आहे. श्रीमंताच्या घरातील मुलांसाठी जो खेळ होता, तोच फ्लोरस व हेलेनस यांच्यासाठी व्यवसाय होता.

वरील पुराव्यावरून असे दिसते की, बालकादंबरीने रोमन तबेल्यांत मुलांना आणले, यात ऐतिहासिक विपर्यास नाही. कारस्थाने, जादूटोणा व घोड्यांवरील घाला या गोष्टींनाही भक्कम आधार आहे. विपर्यास होऊ शकतो तो शेवटाच्या ठिकाणी. दोषी सापडला, घोडा परत आला आणि शर्यत पुन्हा निर्वेध सुरू झाली, असा शेवट वाचकास समाधान देतो. कोरीव लेखांची साक्ष मात्र अशी आहे की, निर्वेध चाललेली शर्यत हीच मुलांच्या जिवावर बेतत होती. तीत कोणी शिशाचा पत्रा पुरलेला असो वा नसो, वळणाचा खांब, कमरेचा लगाम आणि दिवसाची चोविसावी शर्यत ही तेथे होतीच. क्रेसेन्सच्या लेखातील ६८६ हा आकडा त्याच्या चाहत्यांनी गौरवासाठी कोरविला. आजच्या अभ्यासकाने तो एका मुलाला किती वेळा त्या दारातून बाहेर सोडले गेले याची मोजणी म्हणून वाचला पाहिजे.